पायाखालचा वजनकाटा

सोलापूरच्या उन्हाळ्याचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. होळी झाली की ऊन जे येऊन बसतं, ते मृग लागेपर्यंत उठायचं नाव घेत नाही. भर दुपारी रस्त्याचं डांबर मऊ पडतं, टाकीतलं पाणी हाताला चटके देतं, आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पुण्याकडचे पाहुणे कपाळ पुसत म्हणतात, "कसे राहता हो तुम्ही इथं?" तेव्हा मला उगाच राग येतो. आमचं ऊन आहे, त्याला शिव्या आम्ही देऊ. तुम्ही कोण?

यंदाही ते वेळेवर आलं. परवा सकाळी कुरडया वाळत घालायला गच्चीवर अनवाणी गेले. घालून होईतो फरशी तापली होती, आणि मी उड्या मारतच जिन्याच्या सावलीत आले. तिथं भिंतीला टेकून एकेक पाऊल वर करून पाहिलं. तळवे नुसते लाल झाले होते. मी कितीतरी वेळ ते बघत उभी राहिले. पायाला चटका बसतो आणि माणूस पाय उचलतो, यात विशेष काय, असं पूर्वी मला वाटायचं. एका उन्हाळ्यानं ते वाटणं कायमचं घालवलं.

माझे वडील, आमचे अप्पा, मार्केट यार्डात तोलार होते. कांद्याचा लिलाव झाला की प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर चढवायची आणि तिचं वजन मोठ्यानं पुकारायचं, हे तोलाराचं काम. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि दोघांची नजर अप्पांच्या हातावर. अप्पांनी काटा मारला, असं यार्डात कुणी कधी म्हटलं नाही. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या घडीतून कांद्याची गुलाबी टरफलं पडायची. अव्वा, म्हणजे माझी आई, ती झाडता झाडता कानडीत पुटपुटायची, आणि अप्पा मराठीत उत्तर द्यायचे. आमच्या घरात भांडण नेहमी असं दोन भाषांतच चालायचं.

वजनकाटा म्हणजे अप्पांचं दैवत. सकाळी गाड्या लागायच्या आधी ते काट्याची लोखंडी पाटी ओल्या फडक्यानं पुसायचे, तिच्यावर विभूतीची बोटं ओढायचे आणि वाकून कपाळ टेकवायचे. लहानपणी एकदा मी यार्डात गेले होते, आणि कुणाचं लक्ष नाही बघून माझं वजन करायला पाटीवर चढले. अप्पांनी मला खाली ओढून एक लगावली. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला तो तेवढाच. "वजनकाट्यावर पाय देतीस व्हय? पाय पडला की वजन खोटं झालं म्हणून समज," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून पाटीला नमस्कार करवून घेतला. पुढं म्हातारपणी दवाखान्यातल्या काट्यावरसुद्धा ते चढायचे नाहीत. "गेल्या टायमाचंच लिवा की बाई," म्हणून नर्सला वाटेला लावायचे. ती हसायची आणि लिहायचीसुद्धा.

दवाखाना मागे लागला तो साखरेमुळे. आमच्याकडे त्या आजाराला नुसतं 'साखर' म्हणतात. अप्पांना साखर होती, आणि पुष्कळ वर्षं ती त्यांनी अंगावर काढली. तिनं हळूहळू त्यांच्या पायांतली जाणीव खाल्ली. एका एप्रिलमध्ये उजव्या पायातली चप्पल यार्डात कुठंतरी निसटली, आणि अप्पा तापलेल्या काँक्रीटवरून घरापर्यंत चालत आले. उंबऱ्याशी आल्यावर अव्वानं विचारलं, "एक चप्पल कुटं हाय?" तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. अंगठ्यामागचा तळवा भाजून निघाला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. ती जखम भरायला पुढचा हिवाळा उजाडला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा पाय वाचला आहे, पण त्याच पायाला पुन्हा जखम झाली आणि ती चिघळली, तर पाय काढावा लागेल. यार्ड सुटलं. अप्पा घरी बसले आणि मी त्यांच्या उजव्या पायाकडे बघत जगायला लागले.

तेव्हा मी इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक.ला होते. आमचे शेख सर मऊ प्लॅस्टिकचे, दाब ओळखणारे बारीक सेन्सर बनवण्याच्या मागे होते. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, मला प्रोजेक्ट हाच करायचा आहे, पण पायासाठी. सरांच्या आईचा पाय असाच गेला होता, हे मला नंतर कळलं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, पाय वाकतो, घामेजतो, घसटतो. तिथं कडक काही टिकत नाही. पायाइतकं लवचीक काहीतरी करावं लागेल."

त्या लॅबला पत्र्याचं छप्पर होतं. कार्बनची पूड उडते म्हणून पंखा बंद. घाम हनुवटीवरून टपटपायचा आणि तो प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर, म्हणजे फिल्मवर, पडू नये म्हणून मी कपाळाला पंचा बांधून बसायचे. जाड दाण्याची साखर साच्यात दाबून बसवायची, तिच्यावर मधासारखं पातळ, मऊ प्लॅस्टिक ओतायचं आणि ते गोठू द्यायचं. मग कोमट पाण्यात साखर विरघळवून टाकायची. साखर गेली की तिच्या जागी भोकं उरतात आणि प्लॅस्टिकचा बारका स्पंज तयार होतो. त्याला काळी कार्बनची शाई पाजली की त्यातून वीज वाहते. बोटानं दाबलं की भोकं मिटतात आणि वीज जास्त वाहते, सोडलं की पुन्हा कमी. नखाएवढी ती चकती प्लॅस्टिकच्या दोन पातळ कागदांमध्ये ठेवून कडा इस्त्रीनं चिकटवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण इस्त्री थोडी जास्त तापली, हात थोडा हलला, की फिल्मला सुरकुती पडायची आणि आकडे वेड्यासारखे नाचायचे. गोड पाणी आम्ही बाहेरच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतायचो. त्या उन्हाळ्यात लिंबाखाली मुंग्यांची जत्राच भरली होती.

घरी येऊन मी तेच रडगाणं गायचे. आज पुन्हा सुरकुती, आज पुन्हा वाया. एकदा तर भाकरी पुढ्यात घेऊन ढसाढसा रडले. अप्पा समोर बसून शेंगाचटणीत दही कालवत होते. त्यांना मी साखरेची हकीकत सांगितली होती. मला हसवायला म्हणून ते म्हणाले, "मला जिभंला साखर लावू देत न्हाईस, आन् माज्याच पायाखाली घालतीस व्हय गं?" मी रडता रडता हसले. अव्वानं मात्र वर बघून हात जोडले.

शेवटी जमलं. चार चकत्या असलेला एक पातळ पट्टा तयार झाला. एक अंगठ्याखाली, एक जुन्या जखमेच्या जागी, एक बोटांच्या मुळाशी मध्यभागी आणि एक टाचेखाली. तो आम्ही मऊ रबरी सँडलमध्ये बसवला आणि आकडे माझ्या मोबाइलवर यायला लागले. जुन्या जखमेच्या जागी भार वाढला की मोबाइल वाजणार, आणि मग अप्पांनी बसायचं, अशी योजना होती. पायाला जे कळत नव्हतं ते चकतीनं सांगायचं.

सँडल घरी आणली त्या दिवशी अप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. "पर ह्ये करतंय काय नेमकं?" मी दाब, प्रवाह, रोध असं बरंच काही बोलले. त्यांचा चेहरा कोराच. मग मला सुचलं. "अप्पा, तुमच्या पायाखाली बारका वजनकाटा बसवलाय असं समजा की."

अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "वजनकाटा! एवढासा? माज्या पोरीनं केला?" त्यांनी ती सँडल दोन्ही हातांत धरली आणि कपाळाला लावली. पायातली वस्तू कपाळाला लावली म्हणून अव्वा ओरडली. मी हसत फोटो काढला. आम्ही सगळेच त्या दिवशी फार खुशीत होतो.

सँडल घरातही घालायची, हे अव्वाला पटवणं हा खरा डोंगर होता. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल आलेली कुणी पाहिली नव्हती. अव्वा दोन दिवस बोलली नाही. मग एका सकाळी तिनं स्वतःच सँडल धुऊन पुसून अप्पांच्या पायांत सरकवली आणि म्हणाली, "देवाच्या खोलीत तेवडी नगं. बाकी घरभर हिंडा." तिच्यासाठी हे केवढं मोठं होतं, ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. पायासाठी तिनं तिचा सोवळेपणा सोडला होता.

आणि आकडे यायला लागले. कमी. आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी. जुन्या जखमेच्या जागी तर भार जवळजवळ नव्हताच. मोबाइल एकदाही वाजला नाही. सरांनी आलेख मोठा करून पडद्यावर लावला आणि चहा मागवला. मऊ सोलमुळं भार पसरतोय, असं आम्ही ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी तळव्याची जुनी जागा दाबून पाहिली. ती कोरडी होती, गुलाबी होती. त्याही खूश झाल्या. मी घरी येऊन मोबाइल अप्पांसमोर धरायचे. "बघा, आज किती कमी आलंय!" अप्पा आकड्याकडे एकटक बघायचे आणि मान डोलवायचे. "मग? हायच तसं."

मे महिना तापत गेला. परीक्षा तोंडावर आली. माझं खाणंपिणं लॅबमध्येच व्हायला लागलं. अव्वा एकदा म्हणाली, "ह्यांची चाल बदललीया गं. फेंगडं चालतेत." मी अप्पांना विचारलं. "नवं पायताण हाय, सवय व्हायला नगं?" असं म्हणून त्यांनी विषय उडवला. मला ते खरं वाटलं. नव्या चपलेत कोण सरळ चालतं? शिवाय माझ्याकडे आकडे होते.

मग वास आला. आधी अव्वाला वाटलं, मोरीत उंदीर मेलाय. तिनं मोरी धुतली, फिनेल ओतलं. वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा खाटेवर आडवे झाले होते आणि चादरीच्या टोकाला, त्यांचा उजवा पाय होता तिथं, एक पिवळट ओला डाग दिसला. अव्वानं पाय उचलला. करंगळीखालची पूर्ण कड कुजली होती. चामडी सुटून लोंबत होती आणि आत काळं दिसत होतं. अप्पा मान उंचावून आमच्याकडे बघत विचारत होते, "काय झालं? काय झालं गं?" त्यांना खरंच काही दुखत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, बाकीचा तळवा दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "तळवा एकदम चांगला आहे. कड कशी गेली? हे पायाच्या कडेवर चालतात का?" त्यांनी जखमेवर जाड पट्टी बांधली, मला एका बाजूनं धरायला सांगितलं आणि अप्पांना चार पावलं टाकायला लावली. अनवाणी. अप्पांनी पाऊल सपाट टेकवलं, तुम्ही-आम्ही टेकवतो तसं. मग बाईंनी सैल करून सँडल घालायला लावली. सँडल पायात गेल्याबरोबर अप्पांनी उजवं पाऊल बाहेरच्या अंगावर कलतं केलं आणि अंगठा वर उचलून धरला. सगळा भार करंगळीच्या कडेवर घेऊन ते चालायला लागले. अगदी सावकाश. लग्नघरात रांगोळी चुकवत चालतात ना, तसे.

 मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना थांबवलं.

"अप्पा, असं का चालता?"

"म्हंजे कसं?"

"पाय कलता का करताय?"

अप्पांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "काट्यावर पाय द्यायचा असतो व्हय, सुजा?" ते म्हणाले. "आन् तुजी ती फिलीम. जरा कायतरी झालं की सुरकुती पडती म्हणून रडत हुतीस न्हवं? माज्यासारक्या गड्याचा भार त्याच्यावर? मी म्हनलं, तुजी परीक्षा हुस्तवर कडंकडंनं चालतो. आकडा बी कमी येत हुता. तू खुशीत हुतीस की."

त्या वेळी मी त्यांच्यावर ओरडले. भर वॉर्डात, सगळ्यांसमोर. तो पट्टा तुमच्या पायासाठी होता, पाय पट्ट्यासाठी नव्हता, असं काहीबाही. अप्पा लहान मुलासारखे खाली बघत राहिले. अव्वानं माझा दंड धरून मला बाहेर नेलं. व्हरांड्यात ऊन एवढं होतं की डोळे उघडवत नव्हते. अव्वा कानडीत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, "साकु, साकु." पुरे कर.

पाय घोट्यावर काढून भागणार नव्हतं. विष वर चढलं होतं. गुडघ्याखाली काढावा लागला.

परीक्षा त्याच आठवड्यात होती आणि मी ती दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पट्टा बोटांनी दाबून पाहिला. पडद्यावर रेघ उसळली, बोट उचललं तशी खाली आली. "उत्तम," ते म्हणाले. रुग्णावरच्या आकड्यांबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा शेख सरच उत्तर द्यायला उभे राहिले. सगळं झाल्यावर लॅबबाहेर सर मला म्हणाले, "बेटा, आपलं यंत्र खोटं बोललं नाही. त्याच्यावर पाय पडलाच नाही, हेच ते रोज सांगत होतं. आपण त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला." त्यांना मला धीर द्यायचा होता, हे मला कळत होतं. लिंबाखाली मुंग्या होत्याच.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. चकत्या पूर्वीपेक्षा पातळ झाल्यात, आणि पट्टा आता टाचेपासून बोटांपर्यंत, कडेकडेनंसुद्धा भरलेला असतो. कुंभारीकडून, मंद्रूपकडून माणसं येतात. त्यांना पट्टा दाखवताना मी काही समजावत बसत नाही. तो जमिनीवर टाकते, चपला काढते आणि त्याच्यावर उभी राहून दणादण पाय आपटते. विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडमचं डोकं फिरलंय. वाटू दे. मागच्या आठवड्यात मंद्रूपच्या एक आजी आल्या होत्या. माझं नाचणं त्यांनी शांतपणे पाहिलं. मग वाकून पट्ट्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि विचारलं, "बाई, पाय लागला तर चालतंय न्हवं? इद्या हाय ती." मी त्यांचा पाय माझ्या दोन्ही हातांनी धरला आणि पट्ट्यावर ठेवून दाबला. तळवा बर्फासारखा गार होता, बाहेर एवढं ऊन असताना.

ऑपरेशननंतर अप्पा फार दिवस राहिले नाहीत. पाऊस सुरू झाला तसा त्यांना ताप भरला आणि तो उतरलाच नाही. लोक म्हणाले, सुटले. मला तो शब्द अजून सहन होत नाही. सुटायची त्यांना अजिबात घाई नव्हती. त्यांना कुबडी शिकायची होती. यार्डात जाऊन सगळ्यांना भेटायचं होतं.

पण मला आठवतो तो ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा सकाळचा वॉर्ड. खिडक्यांना ओली पोती बांधलेली, वर पंखा कुरकुरतोय, चादर उजवीकडे अर्ध्यातच सपाट झालेली. मी आदल्या दिवशीच परीक्षा देऊन आले होते. कशी झाली, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. अप्पांची गुंगी नुकती उतरत होती. ओठ सुकले होते. अव्वानं चमच्यानं पाणी पाजलं. त्यांनी डोळे उघडले, मला शोधलं, आणि हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाय विचारतील. काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते.

"सुजा," ते अगदी हळू म्हणाले, "तुज्या यंत्राला काय झालं न्हाय न्हवं?"

"न्हाय अप्पा. काय नाही झालं."

"लई ब्येस," म्हणाले, आणि समाधानानं डोळे मिटले.